टोल फ्री नंबरच्या मागे काय चालतं? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

चादरी-टॉवेलचे कारखानदार, मार्केट यार्डातले अडते, डाळिंब बागायतदार आणि नुसती उत्सुकता असलेली मंडळी १८०० नंबराबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न धंद्याचे आहेत, काही इतिहासाचे. उत्तरं एकसारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं बरंच आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

१८०० नंबरचा फोन नेमका कुठे ठेवलेला असतो?

कुठेच नाही. ०२१७ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनची तार सोलापुरातल्या कुठल्यातरी एक्स्चेंजमध्ये जाते आणि मोबाइल नंबरामागे एक सिमकार्ड असतं. १८०० च्या मागे यातलं काहीच नसतं. फोन कंपनीच्या एका संगणकातली ती एक नोंद असते: हा नंबर कोणी फिरवला तर कॉल अमुक खऱ्या नंबरावर पाठवा आणि बिल अमुक ग्राहकाच्या नावावर टाका. हा नंबर म्हणजे दुकानाची पाटी आहे. दुकान नवी पेठेतून होटगी रोडला हललं तरी पाटी तीच राहते.

पुढचं सगळं समजायला हे एक पक्कं असलं की पुरे. फोन जोडणं हे एक काम आणि कुठे जोडायचा ते ठरवणं हे दुसरं काम. टोल फ्री सेवेचा पन्नासेक वर्षांचा इतिहास म्हणजे ही दोन कामं एकमेकांपासून वेगळी करण्याचा इतिहास आहे.

अक्कलकोटहून कोणी आमचा १८०० नंबर लावला, तर आत काय काय घडतं?

त्याच्या मोबाइल कंपनीचा स्विच, म्हणजे कॉल जोडणारं यंत्र, आकडे वाचायला लागतो. सुरुवातीला १८०० दिसताच तो थबकतो, कारण या आकड्यांवरून कॉल कुठे न्यायचा हे त्याला ठाऊक नसतं. अशा ठिकाणी थांबून विचारण्याची सोय असलेल्या स्विचला एसएसपी म्हणतात. तो कॉल तसाच धरून ठेवतो आणि सिग्नलिंगच्या, म्हणजे यंत्रांनी आपापसात निरोप द्यायच्या, वेगळ्या जाळ्यावरून एक छोटा संदेश पाठवतो: हा नंबर फिरवलाय, फिरवणारा हा, आता काय करू?

संदेश जातो एससीपी नावाच्या संगणकाकडे. निर्णय तिथे होतो. नंबर चालू आहे का, आज वार कोणता, किती वाजलेत, फोन कुठल्या भागातून आलाय, ग्राहकाने काय सांगून ठेवलंय, हे सगळं पाहून तो खरा नंबर आणि बिल कोणाच्या नावावर लावायचं ते परत कळवतो. स्विच मग नेहमीसारखा कॉल जोडतो. 'मराठीसाठी एक दाबा' असं ऐकवायचं असेल तर मधे आवाज वाजवणारं आणि दाबलेलं बटण ओळखणारं आणखी एक यंत्र जोडलं जातं.

एवढी विचारपूस होऊनही फोन लावणाऱ्याला काही जाणवत नाही. सवाल-जवाब सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकतो. बोलणं मात्र एससीपीतून जातच नाही. तो फक्त रस्ता सांगून बाजूला होतो.

पण मग पैसे कोण भरतं?

ज्याचा नंबर आहे तो. फोन करणाऱ्याच्या कंपनीला तिचा वाटा नंबर देणारी कंपनी चुकता करते आणि ती रक्कम तुमच्या महिन्याच्या बिलात येते. म्हणजे 'फुकट' फक्त एकाच बाजूला असतं.

यंत्रं नव्हती तेव्हा असा कॉल करता यायचा का?

यायचा, आणि चांगला यायचा. अमेरिकेत 'झेनिथ' नंबर असायचे. ग्राहक ऑपरेटरला झेनिथचा अमुक नंबर द्या म्हणायचा, ऑपरेटर छापील यादीत पाहून खरा नंबर काढायची आणि खर्च त्या कंपनीच्या खात्यावर टाकून कॉल जोडून द्यायची. ब्रिटनमध्येही 'फ्रीफोन' अमुक असं ऑपरेटरला सांगावं लागायचं. म्हणजे एससीपीचं काम तेव्हा खुर्चीवर बसलेली एक बाई करत होती, शिवाय पलीकडचा फोन लागत नसेल तर दुसरा नंबर सुचवायची.

ज्यांनी सोलापुरातून मुंबईला ट्रंक कॉल 'बुक' करून तासन्‌तास वाट पाहिली आहे त्यांना हा ऑपरेटर आठवत असेल. आपल्या देशात लखनौ-कानपूर दरम्यान पहिली एसटीडी सेवा १९६० साली सुरू झाली आणि हळूहळू माणूस मधून निघून गेला. वेग वाढला, पण ऑपरेटरच्या डोक्यातला शहाणपणा यंत्रात आला नाही. जुन्या एक्स्चेंजला आकडा दिसला की ठरलेल्या रस्त्याने कॉल ढकलायचा एवढंच कळायचं. तो शहाणपणा परत कुठे बसवायचा, हाच पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा प्रश्न होता.

८०० हा आकडा कधी आला?

१९६७ साली, अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने आणला. ऑपरेटरविना थेट फिरवता येईल असा हा पहिला टोल फ्री नंबर. मोठ्या हॉटेलांना आणि विमान कंपन्यांना तो आवडला, पण त्यात मोठी गोम होती. ८०० नंतरच्या तीन आकड्यांवरूनच कॉल कुठल्या प्रदेशात न्यायचा हे स्विचला कळायचं, म्हणजे नंबर जागेला जखडलेला होता. धंदा दुसऱ्या शहरात हलवला की नंबर गेला. त्यातही राज्याबाहेरून येणाऱ्या कॉलला एक नंबर आणि राज्यातल्या राज्यात वेगळा, म्हणून जाहिरातीत दोन-दोन नंबर छापावे लागायचे. वाचणाऱ्यानेच आपण कुठे राहतो ते पाहून नंबर निवडायचा! यंत्राचं काम ग्राहकावर ढकलण्याची ही पद्धत काही कंपन्यांनी आजही सोडलेली नाही.

शिट्टी वाजवून फुकट फोन करायचे, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि टोल फ्रीच्या इतिहासात तिला जागा आहे. त्या काळी अमेरिकेत स्विच एकमेकांशी बोलायचे ते माणसांच्या बोलण्याच्याच तारेवरून, आवाजाच्या सुरांनी. २६०० हर्ट्‌झचा सूर म्हणजे 'लाइन रिकामी आहे'. नाश्त्याच्या एका पाकिटात मुलांसाठी येणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीतून नेमका हाच सूर निघायचा. वात्रट मंडळी आधी ८०० चा नंबर लावायची, कारण त्याचं बिल लावणाऱ्याला येत नसे. मग हा सूर वाजवायचा. पलीकडच्या स्विचला वाटायचं फोन ठेवला. मग त्याच तारेवरून हवा तो दूरचा नंबर फिरवायचा, आणि हिशेबात नोंद फक्त ८०० च्या कॉलची.

उपाय एकच होता. स्विचनी आपापसात बोलायचं ते बोलण्याच्या तारेवर नाही, स्वतंत्र वाटेवर. एटी अँड टीने १९७६ पासून अशी वेगळी सिग्नलिंगची वाट घालायला सुरुवात केली. पुढे तिचा जगभर मान्य झालेला अवतार आला, त्याला एसएस७ म्हणतात. फसवणूक थांबणं आणि कॉल लवकर जुळणं हे तर मिळालंच. पण टोल फ्रीसाठी महत्त्वाचं हे की, आता कॉल जोडण्याआधी स्विचला कोणाला तरी काही विचारता येऊ लागलं. विचारायला वाट होती. उत्तर देणारा अजून बसवायचा होता.

तो कोणी बसवला?

एटी अँड टीच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या रॉय वेबर यांनी. कॉल मधेच थांबवून मध्यवर्ती डेटाबेसला विचारायचं आणि उत्तराप्रमाणे पुढे जायचं, या पद्धतीचं अमेरिकी पेटंट त्यांच्या नावावर १९८० साली नोंदलं गेलं. पाठोपाठ एटी अँड टीची ८०० सेवा या डेटाबेसवर गेली. त्यामुळे साऱ्या देशाला एकच नंबर पुरू लागला. दिवसा एका शहरात, रात्री दुसऱ्या, सुट्टीला तिसऱ्या ठिकाणी कॉल पाठवता येऊ लागला. दहातले सहा कॉल या केंद्राला आणि चार त्या केंद्राला अशी वाटणीसुद्धा करता येऊ लागली.

माझ्या मते टेलिफोनच्या इतिहासात या कल्पनेला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. ग्रॅहम बेलचं नाव शाळकरी पोराला माहीत असतं, वेबर यांचं नाव दूरसंचारात नोकरी करणाऱ्यालाही आठवत नाही.

'इंटेलिजंट नेटवर्क' हा प्रकार यातूनच निघाला का?

हो, पण त्याला ढकलणारं कारण तंत्राचं नसून कोर्टाचं होतं. कोर्टातल्या खटल्यातून १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीची फाळणी झाली आणि स्थानिक टेलिफोन सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेले. त्यांच्यासाठी बेलकोर ही सामायिक संशोधन संस्था उभी राहिली. या कंपन्यांकडे वेगवेगळ्या उत्पादकांचे स्विच होते. नवी सेवा आणायची तर प्रत्येक उत्पादकाकडे जाऊन सॉफ्टवेअर बदलून घ्या, मग ते प्रत्येक एक्स्चेंजमध्ये चढवा. यात वर्षं जायची, आणि ग्राहकाला सेवा मिळेपर्यंत त्याची गरज बदललेली असायची.

बेलकोरचं म्हणणं असं होतं की, स्विच कोणाचाही असो, कॉल कुठल्या टप्प्यावर थांबवायचा आणि कोणत्या भाषेत विचारायचं एवढं ठरवून टाका. सेवेची अक्कल बाहेरच्या संगणकात राहील आणि ती बदलायला स्विचला हात लावावा लागणार नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने क्यू.१२०० या मालिकेत याची जागतिक मानकं काढली. पहिल्या संचाचं नाव सीएस-१. कॉलचे टप्पे, थांबण्याच्या जागा, विचारण्याचे आणि सांगण्याचे ठरीव संदेश, सगळं त्यात आहे.

सारी स्वप्नं मात्र पूर्ण झाली नाहीत. कोणीही उठावं, पडद्यावर ठोकळे जुळवावेत आणि दुपारपर्यंत नवी सेवा चालू करावी असं चित्र तेव्हा रंगवलं जायचं. प्रत्यक्षात टिकल्या त्या मोजक्याच सेवा, आणि त्यांतली सर्वांत मोठी फ्रीफोन, म्हणजे आपली टोल फ्री.

तुम्ही म्हणता मोजक्याच टिकल्या. दुसरी कोणती?

तुमच्या खिशात आहे ती: प्रीपेड मोबाइल. रिचार्ज मारल्यावर शिल्लक सिमकार्डात जाऊन बसत नाही, ती कंपनीच्या संगणकात राहते. इंटेलिजंट नेटवर्कच्या पद्धतीत तुम्ही फोन लावला की स्विच थांबून विचारतो, आणि तिकडून उत्तर येतं की इतके सेकंद बोलू दे, मग पुन्हा विचार. दूरसंचार कंपन्यांतली माणसं अजूनही प्रीपेडच्या यंत्रणेला नुसतं 'आयएन' म्हणतात. परराज्यात, परदेशात गेल्यावरही हीच विचारपूस चालावी म्हणून जीएसएम या मोबाइल पद्धतीत 'कॅमल' नावाचं वेगळं मानक आलं.

एसटीडी बूथच्या उतरत्या काळात आलेली खरवडून नंबर काढायची कॉलिंग कार्डं आणि टीव्हीवरच्या स्पर्धांचं फोनवरचं मतदान हीदेखील याच घराण्यातली.

अमेरिकेत ८८८, ८७७ असेही नंबर दिसतात, ते काय?

८०० चे नंबर संपत आले. १ मे १९९३ पासून तिथे टोल फ्री नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. म्हणजे कुठला नंबर कुठल्या कंपनीकडे आहे हेसुद्धा आता आकड्यांवरून न ओळखता डेटाबेसला विचारूनच ठरायला लागलं. मागणी वाढली, म्हणून १९९६ ला ८८८ आणि १९९८ ला ८७७ आला. पुढे आणखीही आले.

आपल्याकडे हे कधी आलं?

आपल्याकडे आधी नवे डिजिटल स्विच आणि एसएस७ पसरायला हवं होतं. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेमुळे देशी डिजिटल एक्स्चेंज गावोगावी पोचली. जुन्या खटखट करणाऱ्या स्ट्रोजर एक्स्चेंजला असली विचारपूस जमणारी नव्हती. टोल फ्रीसाठी पूर्वी १६०० होता, २००० च्या दशकाच्या मध्यावर तो १८०० झाला.

तरीही एक मोठा अडसर राहिला. जुन्या जाहिराती आठवा: टोल फ्री नंबर आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त एमटीएनएल-बीएसएनएलवरून'. एका कंपनीच्या इंटेलिजंट नेटवर्कवरचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला लागायचाच नाही, कारण कॉल वाहून न्यायचे पैसे कोणी कोणाला द्यायचे हे ठरलेलं नव्हतं. २००६ साली ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने त्यासाठी खास नियमावली काढली आणि दुसऱ्यांच्या अशा सेवा आपल्या ग्राहकांना मिळतील अशी व्यवस्था करणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. तंत्र केव्हाच तयार होतं. घोडं अडलं होतं हिशेबात.

आपल्या जिल्ह्याला जवळचं उदाहरण किसान कॉल सेंटरचं. २१ जानेवारी २००४ ला ते सुरू झालं. नंबर आधी १५५१ होता, आता १८००-१८०-१५५१. सकाळी सहा ते रात्री दहा फोन करता येतो, आणि २२ भाषांत उत्तर मिळतं. डाळिंबावर तेल्या रोग दिसला म्हणून मंगळवेढ्याहून फोन केला तर मराठी बोलणारा भेटतो, आणि तोच नंबर इंडीहून कोणी लावला तर कन्नड बोलणारा. नंबर एकच, वाटा वेगळ्या.

आमचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. गिऱ्हाईक तेलंगण, कर्नाटक, मुंबई असं पसरलेलं. आम्हाला याचा उपयोग आहे का?

सोलापूरला याचा उपयोग इतर गावांपेक्षा थोडा जास्तच आहे. इथल्या एकाच पेढीवर तेलुगू, कन्नड, मराठी आणि हिंदी बोलणारी माणसं सहज मिळतात. हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन थेट तेलुगू बोलणाऱ्या अण्णांकडे, विजापूर-कलबुर्गीचा कन्नडवाल्याकडे, आणि बाकीचे काउंटरवर, अशी मांडणी करता येते. रात्री आठनंतरचे कॉल मालकांच्या मोबाइलवर, साप्ताहिक सुट्टीला नुसता निरोप, गड्ड्याच्या जत्रेत दुकानावर गर्दी असेल तेव्हा जास्तीचे कॉल अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ऑफिसात, हेही होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मोबाइल नंबरावरून फक्त तो मुळात कुठल्या सर्कलचा आहे एवढा अंदाज येतो, माणूस आत्ता कुठे उभा आहे ते कळत नाही. पुण्यात स्थायिक झालेल्या माणसाकडे अजून हैदराबादचा नंबर असू शकतो, आणि पोर्टेबिलिटीमुळे कंपनीचा अंदाजही चुकतो. म्हणून भाषा निवडायचं बटण ठेवाच.

दुसरं म्हणजे, चुकीचे आणि रिकामे कॉल यांचंही बिल तुम्हालाच येतं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाजत असतानाही मीटर चालू असतो. लांबलचक स्वागत आणि पाच पातळ्यांचा मेनू ठेवणारे लोक स्वतःच्या खिशातून संगीत ऐकवत असतात.

तिसरं, १८०० नंतरचे आकडे नंबर कुठल्या कंपनीच्या नेटवर्कवर आहे ते दाखवतात. मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी मोबाइलपुरतीच आहे. उद्या कंपनी बदलायची झाली तर नंबराचं काय, हे पिशव्यांवर आणि खोक्यांवर नंबर छापायच्या आधी लेखी विचारून घ्या.

१८६० नंबरही फुकट असतो ना?

नाही. त्याला फोन करणाऱ्याला पैसे पडतात. 'अनलिमिटेड' पॅक असला तरी तो नंबर त्यात धरलेला आहे की नाही हे आपल्या कंपनीला विचारावं.

सगळी अक्कल एकाच संगणकात ठेवली आणि तो बंद पडला तर?

म्हणूनच तो एकटा ठेवत नाहीत. एससीपी सहसा जोडीने, दोन वेगळ्या शहरांत असतात आणि एक पडला तर दुसरा सगळा भार उचलतो. कॉलचा लोंढा आला, समजा निकालाच्या दिवशी एखाद्या हेल्पलाइनवर, तर एससीपी स्विचना सांगू शकतो की या नंबराचे कॉल काही वेळ मोजकेच सोडा. तेव्हा 'सर्व लाइन व्यस्त आहेत' हे तुम्हाला तुमच्याच जवळच्या स्विचवर ऐकवलं जातं, कॉल पुढे गेलेलाच नसतो.

पण धोका फक्त डेटाबेसात नसतो, विचारपुशीच्या जाळ्यातही असतो. १५ जानेवारी १९९० ला, म्हणजे इकडे संक्रांत आणि गड्ड्याचे दिवस असताना, एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. न्यूयॉर्कमधला एक स्विच किरकोळ बिघाडाने क्षणभर थांबून परत उभा राहिला. तो परत आल्याचे संदेश शेजारच्या स्विचना लागोपाठ मिळाले, तेव्हा नव्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे तेही थांबले. ते उठले तसे त्यांचे शेजारी पडले. ११४ स्विचवर तेच सॉफ्टवेअर होतं, आणि दोष होता सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये चुकीच्या जागी पडलेल्या 'ब्रेक' या एका आज्ञेचा. कंपनीच्या जाळ्यावरचे निम्म्याच्या आसपास कॉल त्या वेळात लागले नाहीत. राखीव यंत्रं होती, पण त्या सगळ्यांवर एकच चूक बसवलेली होती.

मुलगा अमेरिकेत आहे. इथला १८०० त्याला लागेल का? आणि टॉवेल निर्यात करणाऱ्यांनी काय करावं?

देशाचा टोल फ्री नंबर साधारणपणे देशातच चालतो. बाहेरून एक तर लागत नाही, किंवा लागला तर पूर्ण आंतरराष्ट्रीय दर पडतो. म्हणून बँका परदेशस्थ ग्राहकांसाठी वेगळा, साधा नंबर देतात. निर्यातदारांसाठी +८०० आणि पुढे आठ आकडे असा जागतिक फ्रीफोन नंबर असतो, त्याचं वाटप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना करते. मात्र तो प्रत्येक देशात आणि प्रत्येक कंपनीच्या फोनवरून चालतोच असं नाही. तुमची गिऱ्हाइकं दोन-तीनच देशांत असतील तर त्या-त्या देशातला स्थानिक नंबर जास्त कामाचा.

आता बोलणं तर सगळ्यांनाच फुकट. मग टोल फ्री कशाला?

'फुकट' या कारणासाठी आता फारशी गरज उरलेली नाही, हे कबूल. ज्या गावात मिस्ड कॉल हीच भाषा होती तिथे आज महिन्याच्या पॅकमध्ये हवं तेवढं बोलता येतं. तरी लोक १८०० घेतात ते त्यातल्या विचारपुशीसाठी. कोणता कॉल कोणाकडे, कधी, किती जणांचे सुटले, याची नोंद, आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी नंबर पेढीचाच राहतो. आता एससीपीचं काम इंटरनेटवरून चालणारे सर्व्हर करू लागलेत आणि एसएस७ च्या जागी नवे प्रोटोकॉल आलेत. पण कॉल थांबवा, विचारा, मग जोडा, हा क्रम १९८० च्या पेटंटमधलाच आहे.

ज्यांची सगळी गिऱ्हाइकं उत्तर कसबा आणि सात रस्ता यांच्या मधे राहतात, त्यांनी मात्र साधा मोबाइल वापरावा.

१८०० वरूनच फोन आलाय, बँकेतून बोलतोय म्हणतात. विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. टोल फ्री नंबर हा लोकांनी लावण्यासाठी असतो. पडद्यावर काय दिसतं त्यावर भिस्त ठेवू नका, दिसणारा नंबर खोटा असू शकतो. बँका आणि सरकारी खात्यांच्या सेवाविषयक फोनसाठी २०२४ मध्ये १६० ने सुरू होणारी मालिका दिली आहे, त्यामुळे जुन्या टोल फ्रीचा १६०० आता नव्या कामाला लागला आहे. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर'चा नंबरही तपासल्याशिवाय लावू नका, भामटे आपले नंबर तिथे पेरून ठेवतात. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर लावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.